मूळव्याधीचं ऑपरेशन झालं, आता घरी काय काळजी घ्याल?

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण मूळव्याधीचं ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाला त्यातलं दुखणं चांगलंच कळतं. आणि लाजेपोटी तो अनेकदा कुणाला काही विचारतही नाही.

सर्वात मोठी भीती कशाची?

ऑपरेशननंतर पहिल्यांदा शौचाला जाण्याची. दुखेल म्हणून अनेक जण जेवण कमी करतात, पाणी टाळतात, आलेली शौच रोखून धरतात. नेमकं हेच अंगाशी येतं. रोखलेल्या शौचातलं पाणी आतडं शोषत राहतं, मल कडक होतो आणि जखमेवर जास्त ताण येतो. त्यातच काही तीव्र वेदनाशामक औषधांमुळेही बद्धकोष्ठता होते. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं शौच मऊ करणारं औषध स्वतःहून बंद करू नका.

काय खायचं?

ज्वारीची भाकरी, वरण-भात, पालेभाज्या, पपई, ताक असं साधं जेवण घ्या. इसबगोल घेत असाल तर सोबत पेलाभर पाणी हवंच. पाणी कमी पडलं तर त्रास वाढू शकतो. मैद्याचे पदार्थ, झणझणीत रस्सा, ठेचा आणि दारू काही आठवडे दूर ठेवा. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं, हे डॉक्टरांना विचारा.

टबमध्ये बसणं कशासाठी?

कोमट पाण्यात 10 ते 15 मिनिटं बसल्याने गुदद्वाराचे आखडलेले स्नायू सैल होतात आणि ठणका कमी होतो. दिवसातून दोन-तीनदा, विशेषतः शौचानंतर बसा. पाणी कोमटच हवं, कढत नको. नंतर जागा मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका.

शौचाला बसताना

कुंथू नका. कमोड वापरत असाल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या. आणि हो, मोबाईल बाहेरच ठेवा! तिथे जितका वेळ बसाल, तितका त्या भागावर दाब वाढतो.

कामावर कधी जाता येईल?

कापून केलेल्या ऑपरेशननंतर साधारण दोन ते चार आठवडे लागतात. स्टेपलर पद्धतीत वेदना सहसा कमी असतात आणि माणूस लवकर कामाला लागतो. घरात थोडं थोडं चालत राहा. सिलिंडर, पाण्याच्या बादल्या उचलणं मात्र घरच्यांवर सोपवा. गाडी कधी चालवायची, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

डॉक्टरांना कधी गाठायचं?

शौचासोबत थोडं रक्त दिसणं सुरुवातीच्या दिवसांत सामान्य आहे. पण पुढील लक्षणं दिसली तर वाट पाहू नका:

- रक्त थांबत नाही किंवा गाठी पडतात
- चक्कर येते
- ताप, थंडी किंवा पू येतो
- लघवी होत नाही
- औषध घेऊनही वेदना वाढत जातात
- तीन दिवस शौच झालेली नाही

आठवडाभर सगळं ठीक असतानाही नंतर अचानक जास्त रक्तस्राव होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर लगेच हॉस्पिटल गाठायला हवं. म्हणून घरातल्या निदान एका माणसाला हे आधीच सांगून ठेवा. लाज बाजूला ठेवायची वेळ हीच.