उद्याची हस्तकला कोणी करायची? भिजवलेल्या वाटाण्यांपासून आजपर्यंत

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत, तह नाहीत. आजचा विषय आहे हस्तकला. हो, तीच. ‘उद्या करून आणावे’ असा मेसेज शाळेच्या ग्रुपवर येतो आणि घराघरांत रात्री साडेनऊला फेव्हिकॉल शोधायला सुरुवात होते, ती.

मी नोकरी करणारा बाप. लेक दुसरीत आहे. मी घरी पोचतो साडेसातला, ती झोपते साडेनऊला. मधल्या दोन तासांत जेवण, अभ्यास, दप्तर आणि गप्पा. त्यातून वेळ काढून गेल्या वर्षभरात मी कागदाच्या घड्या, मातीकाम, पट्ट्यांचं विणकाम असं बरंच काही शिकलो. शिकता शिकता एक प्रश्न पडला. मुलांच्या हाताला काम द्यायचं, हे पहिल्यांदा ठरवून कोणी केलं? आणि मुलांनी करायचं काम आईबापांच्या गळ्यात कसं आलं? त्याचा माग काढताना जे सापडलं, ते आज सांगतो.

सुरुवात आपल्याच ओट्यापासून करू. आई पोळ्या लाटतेय, पोर पायात घोटाळतंय. आई कणकेचा लिंबाएवढा गोळा तोडून देते, ‘घे, चिमणी कर.’ चिमणी होते, मग तिचा साप होतो, सापाची वाटी होते. तोवर पोळ्या उरकतात. तुमच्यापैकी बहुतेकांनी ही चिमणी केली असेल. यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. सामान घरातलंच आहे. करणारं मूल आहे. आणि मोठं माणूस शेजारी आपलं काम करतंय. पुढच्या सगळ्या गोष्टीत आपण याच तीन खुणा शोधणार आहोत.

आता जर्मनीत जाऊ. फ्रीड्रिश फ्रोबेल, जन्म १७८२. नऊ महिन्यांचा असताना त्याची आई गेली. मोठेपणी त्याने बर्लिनमध्ये स्फटिकांचा अभ्यास केला. साध्या आकारांतून मोठी रचना कशी उभी राहते, हे त्याने तिथे पाहिलं. १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावी त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला नाव दिलं किंडरगार्टन. आज आपण ज्याला केजी म्हणतो, त्यातला ‘के’ आणि ‘जी’ इथून आलाय.

फ्रोबेलने मुलांच्या हातात खेळायचं साहित्य दिलं. लोकरीचे सहा रंगांचे चेंडू दिले, लाकडी गोल, दंडगोल आणि घन दिले, ठोकळे दिले. त्यापुढे हातकामं होती. कागदाच्या घड्या, रंगीत पट्ट्यांची चटई विणणं, माती, टोचकाम. आणि माझं सगळ्यात लाडकं, वाटाणाकाम. वाळके वाटाणे भिजवायचे, त्यात बारीक काड्या खोचायच्या आणि सांगाडे उभे करायचे. वाटाणा वाळला की आकसतो आणि काडी घट्ट धरून ठेवतो. ना गोंद, ना खिळा.

१८४४ मध्ये फ्रोबेलने खास आयांसाठी पुस्तक काढलं. त्यात बाळाशी खेळायची गाणी होती, बोटांचे खेळ होते. म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांनी मुलांसाठी काहीतरी शिकावं, ही अपेक्षा तेव्हापासून आहे. पण शिकायचं ते मुलाबरोबर बसण्यासाठी. मुलाच्या वतीने वस्तू करून देण्यासाठी नाही.

हे सगळं सरकारला धोकादायक वाटलं. १८५१ मध्ये प्रशियाने किंडरगार्टनवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० मध्ये. पण तोवर त्याच्याकडे शिकलेल्या बायकांनी ही पद्धत इतर देशांत नेली होती.

अमेरिकेतली एक आई ऐका. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे अ‍ॅना लॉइड राइट नावाच्या बाईंनी फ्रोबेलचं साहित्य पाहिलं आणि मुलासाठी ठोकळे घरी आणले. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. तो पुढे जगप्रसिद्ध वास्तुरचनाकार झाला, फ्रँक लॉइड राइट. त्या ठोकळ्यांचा आकार आपल्या बोटांत कायमचा राहिला, असं त्याने आत्मचरित्रात सांगितलंय. आता ठोकळे आणले म्हणून प्रत्येक पोर आर्किटेक्ट होतं, असं मी म्हणत नाहीये. त्या आईने ठोकळे मुलाच्या हातात दिले, एवढंच दाखवायचंय.

वाटाण्यांचीही अशीच गोष्ट आहे. १८९९ च्या सुमारास बकमिन्स्टर फुलर नावाचा एक मुलगा किंडरगार्टनमध्ये होता. त्याची नजर फार अधू. बाकीची मुलं घरं पाहून घरासारखे चौकोन करायची. याला नीट दिसायचंच नाही, म्हणून हा चाचपून पाहायचा, काय टिकतं आणि काय लडबडतं. हाताला समजलं की त्रिकोण टिकतो. हाच फुलर पुढे त्रिकोणांनी बांधलेल्या जिओडेसिक घुमटांसाठी ओळखला गेला.

हा प्रयोग मी घरी करून पाहिला. वाटाण्यांऐवजी चणे घेतले, रात्री भिजवून ठेवले, आणि टूथपिक. लेकीने चौकोन केला, तो बोटाने ढकलला की तिरका व्हायचा. मी काही बोलणार, एवढ्यात आई आतून म्हणाली, ‘तिला करू दे रे.’ पाचेक मिनिटांनी लेकीनेच एक टूथपिक तिरपी लावली. ‘बाबा, बघ, आता हलत नाही!’ त्रिकोणाबद्दल मी तिला एक शब्दही सांगितला नव्हता.

आता कागदाकडे वळू. ओरिगामी म्हटलं की आपल्याला जपान आठवतो, आणि ते बरोबरच आहे. तिथे घड्यांची परंपरा फार जुनी. पण १८७६ मध्ये टोकियोत शिक्षिकांच्या प्रशिक्षण शाळेला जोडून किंडरगार्टन सुरू झालं आणि फ्रोबेलच्या घड्याही तिथे पोचल्या. जपानी घड्या आणि जर्मन घड्या एकाच वर्गात एकत्र आल्या. आज शाळेत शिकवतात ती ओरिगामी या दोन्हींच्या मिलाफातून वाढली.

आणि यात आपल्याकडचंही एक नाव आहे, जे फार कमी लोकांना माहीत असतं. मद्रासचे टी. सुंदर राव. १८९३ मध्ये त्यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलं, आणि कल्पना किंडरगार्टनच्या घडीकामावरून सुचली असं त्यात स्वच्छ लिहिलं. कंपास नाही, कोनमापक नाही. चौकोनी कागद आणि दोन हात. जर्मनीतले मोठे गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी या पुस्तकाची दखल घेतली आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली.

एक घडी तर तुम्ही आत्ताही करू शकता. चौकोनी कागद उभा मधोमध दुमडून उघडा. मध्ये एक रेघ पडेल. आता खालचा उजवा कोपरा उचलून त्या रेघेवर आणा, अशा बेताने की घडी खालच्या डाव्या कोपऱ्यातूनच जाईल. कोपरा रेघेवर जिथे टेकला तिथे खूण करा. ती खूण आणि खालचे दोन कोपरे जोडले की तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण तयार. कारण सोपं आहे. खालची बाजूच उचलून तिरपी ठेवलीत, तिची लांबी बदलणार कशी?

मग बिनसलं कुठे? हस्तकलेच्या इतिहासात एक भांडण सुरुवातीपासून आहे. महत्त्वाचं काय, झालेली वस्तू की करणारं मूल?

युरोपच्या उत्तरेला हे भांडण नीट सोडवायचा प्रयत्न झाला. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या आग्रहाने १८६६ मध्ये शाळांत हातकाम सक्तीचं झालं. स्वीडनमध्ये नेस इथे ओटो सालोमन शिक्षकांना शिकवू लागले. या पद्धतीला म्हणतात स्लॉइड. त्यात लाकडी चमचा, खुंटी अशा घरात उपयोगी पडणाऱ्या वस्तू करायच्या, सोप्याकडून अवघडाकडे जायचं. आणि मुलाचं काम मुलानेच पुरं करायचं, शिक्षकाने त्याला हात लावायचा नाही. वस्तू हवी, पण ती मुलाचीच हवी.

आपल्याकडे हा वाद रंगला वर्ध्याला. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे शिक्षण परिषद भरली. गांधीजींचं म्हणणं असं की सात ते चौदा वर्षांच्या मुलांना हस्तोद्योगातून शिकवा. तकली, चरखा, शेती, सुतारकाम. गणित आणि भूगोलही त्यातूनच येऊ दे. आणि मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा. हीच नई तालीम. या शेवटच्या मुद्द्यावर अनेकांना भीती वाटली की अशाने शाळेचा कारखाना होईल. योजनेचा तपशील ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. त्यांच्या अहवालातच हा इशारा आहे की उत्पन्नाच्या बाजूवर भर देताना शिक्षणाचा हेतू बाजूला पडू शकतो. योजनेच्या बाजूने असलेल्या माणसांनी ही धोक्याची जागा आधीच दाखवून ठेवली होती.

त्याच काळात आपल्याकडे दुसरी एक वाट तयार होत होती. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं, मग १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी केंद्र काढलं. सोबतीला अनुताई वाघ. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. परदेशी महागडं साहित्य तिथे परवडणारं नव्हतं. मग मोजायला चिंचोके, रचायला शंख-शिंपले, ओवायला पानंफुलं, आकार करायला माती. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा कुरणावर नेली, तिला म्हणायचे कुरणशाळा. पहिल्या तिन्ही खुणा इथे पुन्हा सापडतात, बघा.

मग १९६४ ते ६६ चा कोठारी आयोग. त्याने शिफारस केली कार्यानुभवाची. माझ्या पिढीला हा शब्द वेळापत्रकातून पाठ आहे. कापसाच्या वाती, कागदी पाकिटं, खडू, तोरणं. तास असायचा, वह्या असायच्या, आणि वर्षाच्या शेवटी प्रदर्शन. माझ्या मते मेख इथे आहे. वर्गात चाळीस-पन्नास मुलं, तास एकच. मुलाच्या हाताने काय शिकलं ते टेबलावर मांडता येत नाही, वस्तू मांडता येते. मग वस्तूला शेरा मिळायला लागला, वस्तूचा फोटो निघायला लागला. आणि शेरा वस्तूला मिळणार असेल, तर ती ज्याला चांगली जमते तोच ती करणार. घरात ती कोणाला चांगली जमते? अर्थातच आईबापांना. एरवी दमलेली, पण कात्री सरळ चालवणारी माणसं. झाकिर हुसेन समितीला विक्रीच्या पैशाची भीती होती. आपल्याकडे पैशाची जागा देखणेपणाने घेतली, एवढाच फरक.

वाटाण्यांचा धागा मात्र तुटला नाही. सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद भागात गावातल्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकवायचा उपक्रम सुरू झाला होता. आयआयटी कानपूरमधून शिकलेले, पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरी करणारे इंजिनिअर अरविंद गुप्ता तिथे गेले. त्यांनी हाताशी घेतल्या काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. ट्यूबचे छोटे तुकडे हेच सांधे. चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही. फ्रोबेलचा भिजवलेला वाटाणा आठवडी बाजारातल्या सायकलच्या दुकानात नव्या रूपात भेटला. पुढे त्यांनी पुण्याच्या आयुकामधल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं काम केलं. टाकाऊ वस्तूंतून केलेली त्यांची खेळणी आणि पुस्तकं मराठीतही आहेत, इंटरनेटवर फुकट मिळतात. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तर मंडळी, या सगळ्यातून वेळ नसलेल्या बापाच्या हाती काय लागलं? आमच्या घरात आता तीन नियम आहेत. सामान विकत आणायचं नाही, घरात आहे त्यातून करायचं. ब्लेड आणि सुई माझ्याकडे, बाकी सगळं लेकीकडे. आणि ती करत असताना मी तिच्या वस्तूला हात लावायचा नाही. शेजारी बसून मी माझं वेगळं काहीतरी करतो, माझी घडी, माझा सांगाडा. वेळ लागतो वीस मिनिटं. शाळेत गेलेला आकाशकंदील एका बाजूला कललेला होता. बाईंना मी वहीत एवढंच लिहिलं की हा तिने एकटीने केलाय.

माझ्यासारख्या पालकांना वाटतं की आपल्याला कला येत नाही, वेळ नाही, मग मुलांना काय देणार? इतिहास सांगतो की कला येणं ही अट कधी नव्हतीच. अट होती शेजारी बसायची आणि हात आवरायची. त्यातली दुसरी जास्त अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

आज रात्री मूठभर चणे भिजत घाला. उरलेच तर सकाळी उसळ करा. भेटू पुढच्या भागात.