बाहेरचा गिलावा

न्यू जर्सीतल्या माझ्या चुलतभावाच्या घरी सध्या 'सायडिंग' बदलायचं चाललंय. आमच्या आत्याला हे काही केल्या कळेना. "सायडिंग म्हणजे काय रे? भिंत का?" तर भिंत नव्हे. तिकडची घरं लाकडी सांगाड्याची. त्यावर बाहेरून प्लास्टिकच्या (पीव्हीसीच्या) लांब पट्ट्या एकीत एक अडकवत जायच्या. पावसाचं पाणी त्यावरून निथळून जातं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही टूम निघाली आणि लाकडावर दर काही वर्षांनी रंग काढण्याचा त्रास वाचतो म्हणून घरोघर पसरली. थोडक्यात काय, तर घराला घातलेला रेनकोट. आत्या म्हणाली, "म्हणजे आपला बाहेरचा गिलावाच की!"

अगदी बरोबर. आणि बाहेरचा गिलावा म्हटलं की आमच्या घरात एक मोठं प्रकरण आहे. ते आमच्या एकट्याचं नाही, हे मला बाबांच्या घरबांधणीच्या हिशेबाची वही वाचताना कळलं. पिंपरी-चिंचवडमध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांनी घरं बांधली त्यांच्यातल्या कितीतरी जणांची घरं बाहेरून वर्षानुवर्षं नुसत्या लाल विटांची राहिली. आम्ही मुलं त्याला 'उघडं घर' म्हणायचो.

पण आधी थोडं मागे जाऊ.

आपल्याकडे गावच्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात आणि शेताला 'काळी'. गावठाणातली जुनी पांढरी माती भिंती चिणायला, लिंपायला आणि माळवदावर अंथरायला वापरत. पवनेच्या काठची जुनी घरं अशीच, खाली काळा दगड आणि वर माती. बाहेरची भिंत पावसात झिजायची आणि सणांच्या आधी घरच्या बायका ती पुन्हा लिंपायच्या. रोख खर्च जवळजवळ शून्य, मेहनत मात्र दरवर्षी. ज्यांच्याकडे पैसा असे ते चुना वापरत. बैलाने फिरवायच्या घाणीत चुना आणि वाळू मळायची आणि तो गिलावा पिढ्यान्पिढ्या टिकायचा. जिथे पाऊस फारच, तिथे आणखी वेगळे उपाय. महाबळेश्वरला पावसाळ्यापूर्वी घरांच्या भिंतींना बाहेरून गवत बांधायची पद्धत होती. घाटमाथ्यावर आणि कोकणात पश्चिमेच्या भिंतीवर पन्हाळी पत्रे ठोकलेले आजही दिसतात. म्हणजे 'सायडिंग' आपल्याला अगदीच परकं नाही. फरक इतकाच, की आपण ते झड येते त्या बाजूलाच करतो.

मग इथे कारखाने आले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये एमआयडीसी आली आणि त्या दशकात टेल्को, बजाज, बजाज टेम्पो अशी रांग लागली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. सातारा, सांगली, सोलापूर, नगर, मराठवाडा अशा ठिकाणांहून माणसं नोकरीला आली. आधी भाड्याच्या खोलीत राहिली, मग कुणी प्राधिकरणाचा प्लॉट घेतला, कुणी गावाकडच्या शेतकऱ्याकडून गुंठा-दीड गुंठा. बाबांनी एक गुंठा घेतला आणि १९७९ मध्ये वीस बाय तीसचं घर बांधायला काढलं.

पैशांची जमवाजमव वहीत सगळी आहे. प्रॉव्हिडंट फंड, कंपनीतली पतपेढी, आईच्या पाटल्या आणि दरवर्षीचा बोनस. (१९६५ चा बोनस कायदा आणि पुढे किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाला एक जादा पगार. या पट्ट्यातल्या किती घरांच्या खिडक्या-दारं दिवाळीनंतर बसली असतील, कल्पना करा.) पण वही नीट वाचली की लक्षात येतं, खरी अडचण पैशांची नव्हती, निदान एकट्या पैशांची तरी नव्हती. अडचण सिमेंटची होती.

आज दुकानात फोन केला की तासाभरात टेम्पो दारात येतो. त्यामुळे नव्या पिढीला हे सांगून पटत नाही, पण सिमेंट तेव्हा कंट्रोलमध्ये होतं. दुसऱ्या महायुद्धात नियंत्रण आलं, १९६६ मध्ये उठलं, १९६८ मध्ये पुन्हा बसलं. दर सरकार ठरवणार, वाटप सरकार करणार. कारखान्यांना त्या दरात नवीन भट्ट्या टाकणं परवडेना, उत्पादन वाढेना आणि मागणी मात्र वाढत गेली. बाहेरून सिमेंट आयात करायची वेळ आली. सामान्य माणसाला घरासाठी परमिट काढावं लागे. अर्ज करायचा, खेटे घालायचे आणि मागितलेल्यापेक्षा कमी पोती मंजूर करून घ्यायची. नाहीतर ब्लॅकने घ्यायचं आणि त्यातही राख मिसळलेली नसेल अशी देवाकडे प्रार्थना करायची.

आता यात बाहेरचा गिलावाच का मागे पडला? साधं गणित आहे. आमच्यासारख्या सहाशे चौरस फुटांच्या स्लॅबला चाळीस-पंचेचाळीस पोती लागतात आणि स्लॅब एका दिवसात पडावा लागतो. अर्धा आज, अर्धा पुढच्या परमिटवर, असं चालत नाही. त्यामुळे मिळालेली पोती स्लॅबसाठी राखायची. बरं, जास्त दिवस साठवताही येत नाही. दमट हवेत सिमेंट दोन-तीन महिन्यांत जोर सोडतं आणि पावसाळ्यात तर गोणीतच दगड होतं. (आमच्या मागच्या दाराची पायरी म्हणजे असंच एक दगड झालेलं पोतं होतं. गोणपाटाची वीण त्यावर स्पष्ट उमटलेली होती.) स्लॅब झाल्यावर उरलेलं सिमेंट आतल्या गिलाव्याला आणि कोब्याला. कारण आत माणसं राहणार, गौरी-गणपतीला पाहुणे येणार, ताईला बघायला मंडळी येणार. बाहेरची भिंत पडत नाही आणि तक्रारही करत नाही. तेव्हा ती शेवटी.

किती सिमेंट लागणार होतं तिला? मी मुद्दाम हिशेब केला. घराचा घेर शंभर फूट, उंची कठड्यासकट चौदा फूट. खिडक्या-दारं वजा जाता बाराशे चौरस फूट, म्हणजे बारा ब्रास. वीस मिलिमीटर जाडीचा, दोन हातांचा, एकास पाच मालाचा गिलावा धरला तर सोळा-सतरा पोती सिमेंट आणि साधारण एक ब्रास वाळू. बस्स. या सतरा पोत्यांसाठी आमचं घर दहा वर्षं उघडं राहिलं.

त्या दहा वर्षांत काय झालं तेही वहीत आहे, पण हिशेबाच्या भाषेत. '१९८१, जुलै. पश्चिमेच्या खोलीतली कॉट हलवली.' '१९८२. गाद्या पुन्हा भरल्या.' 'डांबर, ब्रश.' साधी वीट आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते आणि आपल्याकडचा पाऊस वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून येतो. भिंत बाहेरून पाणी प्यायची आणि आतल्या चुन्याचे पोपडे पडायचे. त्या खोलीत आजी झोपायची. तिच्या दम्याच्या औषधांचा खर्च वहीच्या दुसऱ्या भागात, घरखर्चात लिहिलेला आहे. बाबांनी हे दोन खर्च कधी एकमेकांशेजारी मांडले नाहीत. मी पहिल्यांदा तारखा लावून शेजारी मांडले. औषधांचे मोठे आकडे जवळजवळ सगळे जुलै ते सप्टेंबरमधले आहेत. दमा काही एकट्या ओलीने होत नाही, हे मलाही कळतं. तरीपण...

याच काळात सिमेंटने महाराष्ट्राचं राजकारण हलवलं. ऑगस्ट १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्या ट्रस्टांबद्दल लिहिलं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी बिल्डरांना झालेलं सिमेंटवाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचा निकाल दिला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. खटले पुढे वर्षानुवर्षं चालले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ते कायद्याचं सगळं बाजूला ठेवू. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं, की एका पोत्याची सरकारी किंमत आणि बाजारातली किंमत यांत इतकी दरी असली, की त्या दरीत कुणी ना कुणी जाऊन बसतोच. गिलाव्यासाठी थांबलेली माणसं हे पेपरात वाचत होती. बाबांनी त्या दिवसांतल्या पानावर काहीच लिहिलेलं नाही.

२८ फेब्रुवारी १९८२ रोजी नियंत्रण अंशतः उठलं. कारखान्यांनी ठरलेला हिस्सा लेव्ही म्हणून सरकारला द्यायचा आणि बाकीचा खुल्या बाजारात विकायचा. सिमेंट दिसायला लागलं, महाग का असेना. आमची पश्चिमेची भिंत १९८४ मध्ये झाली. १ मार्च १९८९ रोजी नियंत्रण पूर्ण गेलं आणि त्याच वर्षी दिवाळीआधी उरलेल्या तीन भिंती झाल्या. वर पिवळं स्नोसेम. ती पूड पाण्यात कालवायची, भिंत ओली करून मारायची आणि नंतर तिच्यावर पाणीही मारायचं. आम्ही भावंडांनी आठवडाभर बादल्या वाहिल्या. आई रस्त्याच्या पलीकडे जाऊन घराकडे बघत उभी राहायची, ते मला आठवतं.

गंमत म्हणजे आज पुण्यात उघड्या विटांच्या बंगल्याचे जास्त पैसे पडतात! केरळात लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी गिलावा टाळून किती पैसे आणि सिमेंट वाचतं ते आयुष्यभर दाखवून दिलं. पण त्यांच्या घरांना चांगली वीट, नेटक्या दरजा आणि भिंतीवर पाणी येऊ न देणारं पुढे काढलेलं छप्पर असे. आमच्याकडे यांतलं काहीच नव्हतं. आमची वीट ठरवून उघडी ठेवलेली नव्हती, ती राहून गेलेली होती.

आणि ही राहून जाण्याची गोष्ट अजून संपलेली नाही. चाकणला जाऊन बघा. एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या शेडना बाहेरून सुरेख रंगीत पत्रा असतो. आपल्याकडचं खरं 'सायडिंग' तेच. आतल्या यंत्रांना पाण्याचा थेंबही चालत नाही, म्हणून प्रकल्पाच्या बजेटमध्ये त्याची ओळ पहिल्या दिवसापासून असते. तिथून दोन-तीन किलोमीटरवर कामगारांना भाड्याने द्यायला बांधलेल्या खोल्यांच्या रांगा आहेत. आतून रंग आणि बाहेरून नुसते ब्लॉक. आता ना परमिट, ना कंट्रोल, सिमेंटवरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तरी बाहेरची भिंत शेवटीच. सवय म्हणा, किंवा जो बांधतो तो त्या खोलीत झोपत नाही म्हणून म्हणा.

असो. हे सगळं आता उकरायचं कारण म्हणजे चिंचवडच्या घराचा गिलावा पुन्हा निघाला आहे. पश्चिमेची भिंत टकटक केली की पोकळ वाजते. ठेकेदाराने दिलेलं कोटेशन असं:

पश्चिमेचा जुना गिलावा पाडून नवा, ३८० चौरस फूट, ७५ रुपयांनी २८,५००.
चारही बाजूंना प्रायमर आणि बाहेरच्या रंगाचे दोन हात, १,२०० चौरस फूट, ३० रुपयांनी ३६,०००.
पहाड बांधणं आणि भेगा भरणं, ११,५००.
एकूण ७६,०००.

धाकट्याचं म्हणणं, दोन-चार वर्षांत शेजारचे प्लॉट मिळून रीडेव्हलपमेंट होणारच आहे, तर कशाला पैसे घाला. ताईचं म्हणणं, निदान रस्त्याकडच्या बाजूला तरी रंग द्या, बरं दिसत नाही. दोघांचं म्हणणं चुकीचं नाही. पण पश्चिमेच्या खोलीत आता आई झोपते. तेव्हा मी त्यांना कळवलं आहे, की पैसे कमी पडले तर रंग राहू दे, रस्त्याकडची बाजू राहू दे. पश्चिमेचा गिलावा मेअखेरपर्यंत होणार. बजेटच्या कागदावर मी ती ओळ सगळ्यात वर लिहिली आहे.

जाता जाता नातेवाईक मंडळींना एक विचारायचं आहे. वहीत नोव्हेंबर १९७९ मध्ये, स्लॅबच्या आदल्या दिवशी, एक नोंद आहे: 'सांगवीहून ४ पोती उसनी.' बाबा उसनं परत केलं की त्या नोंदीवर लाल रेघ मारायचे. साखर, रॉकेल, पैसे, सगळ्यांवर रेघ आहे. या चार पोत्यांवर नाही. सांगवीला तेव्हा आपलं कोण होतं आणि ती पोती परत गेली का, कुणाला आठवत असेल तर सांगा. त्या टंचाईत स्वतःचं बांधकाम थांबवून ज्यांनी चार पोती दिली, त्यांचं घर बाहेरून किती वर्षं उघडं राहिलं असेल, हे मला जाणून घ्यायचं आहे.