वाफेचे नळ आणि ते तपासणाऱ्यांचे शिक्षण



व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की राजे आणि लढाया यांची अपेक्षा असते. आज आम्ही एका पोलादी नळाचा इतिहास सांगणार आहोत. आमचे शाळेतील शिक्षण थोडे. उरलेले कामगार संघटनेच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके आणि अपघातांचे अहवाल वाचता वाचता झाले. त्या वाचनातून एक प्रश्न पुढे आला, तोच येथे मांडतो. नळाच्या आत काय चालले आहे, हे कोणाला कळले पाहिजे?

वाफ गोंदियाला नवी नाही. १८८० च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वेच्या इंजिनांबरोबर ती या मुलखात आली. पुढे राईस मिलमध्ये धान उकडून उसना तांदूळ करण्यासाठी बॉयलर बसले आणि त्यांत धानाचाच कोंडा जळू लागला. १९९९ साली भंडाऱ्यातून आपला जिल्हा वेगळा झाला. २०१२ ते २०१४ या काळात तिरोड्याच्या औष्णिक वीजकेंद्रात ६६० मेगावॉटचे पाच संच सुरू झाले. अशा संचांत पूर्ण भारावर वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या २१८ पटींहूनही अधिक असतो. उसन्याच्या बॉयलरची वाफ आणि ही वाफ यांची ताकद निराळी, पण दोघींना नेणारा नळच असतो आणि त्या नळाजवळ कामगारच उभा असतो.

आता कायद्याचा इतिहास पाहू. १८६३ साली कलकत्त्यात एका बॉयलरचा भीषण स्फोट होऊन अनेक माणसे मेली. त्यानंतर, १८६४ साली, बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. मग इतर प्रांतांनी आपापले कायदे केले. एका प्रांतात चालणारा बॉयलर दुसऱ्या प्रांतात चालेना, असा गोंधळ माजला. १९२० साली एक समिती नेमली गेली आणि १९२३ साली साऱ्या देशासाठी एक कायदा आला. त्याचे तपशीलवार नियम १९५० चे. याच कायद्याने, पुढील दुरुस्त्यांसह, बॉयलरबरोबर वाफेच्या नळालाही तपासणीच्या कक्षेत घेतले. २००७ च्या दुरुस्तीने सरकारी निरीक्षकाबरोबर ‘सक्षम व्यक्ती’ला तपासणीचा मार्ग मोकळा केला आणि २०२५ साली संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा बॉयलर कायदा केला. सरकारी कागदात ज्याला बाष्पक म्हणतात, त्याचा हा सारा इतिहास अपघाताच्या मागून चालत आलेला आहे. आधी प्रेते आणि मग कलमे, असा त्याचा क्रम आहे.

या कायद्यांनी कामगाराला एक मोठी गोष्ट दिली, तिचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंट होण्याची वाट त्यांनी घालून दिली. दुसऱ्या वर्गाची परीक्षा, मग पहिल्या वर्गाची, अशी ही शिडी आहे. वेल्डरचीही कसोटी ठरली. त्याने जोडलेला तुकडा वाकवून, तोडून पाहतात आणि मगच त्याला दाबाच्या नळाला हात लावू देतात. सुटाबुटातल्या माणसाचा जोडही त्याच कसोटीला लागतो. ज्या देशात हाताच्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या किंमत नव्हती, तेथे हा लहान बदल नव्हे.

परंतु ही शिडी जोडापर्यंत येऊन थांबते. नळ आखणे आणि चालू नळ तपासणे ही विद्या तिच्या पलीकडे राहिली. ती विद्या गूढ आहे काय? मुळीच नाही. तापल्यावर पोलाद लांबते. पन्नास मीटरचा नळ पाचशे अंशांनी तापला तर सुमारे एक फूट वाढतो. ती वाढ सामावण्यासाठी नळाला वळणे देतात आणि स्प्रिंगवर टांगतात. अडाणीपणाने कोणी तो पक्का जखडला, तर तो आपल्याच जोराने जोड फाडतो. झिजेचा हिशेबही असाच सरळ आहे. समजा, भिंत दहा मिलिमीटर आहे, पाच उरेपर्यंत चालेल आणि वर्षाला पाव मिलिमीटर झिजते. तर वीस वर्षे मिळाली. झीज मोजण्यासाठी नळ कापावा लागत नाही. ध्वनीचा ठोका भिंतीतून जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून यंत्र जाडी सांगते. कोठे मोजावे, हेच खरे शिक्षण. जेथे प्रवाह वळतो, अडतो, घुसळतो, तेथे भिंत आधी जाते.

हे शिक्षण न पाळल्याचा दाखला जपानचा आहे. मिहामा येथील अणुवीजकेंद्राचा तिसरा संच १९७६ साली सुरू झाला. ९ ऑगस्ट २००४ रोजी तेथील गरम पाण्याचा एक मोठा नळ फुटला. मुळात दहा मिलिमीटर असलेली भिंत सर्वांत पातळ जागी दोन मिलिमीटरदेखील उरली नव्हती. ती जागा तपासणीच्या यादीतून सुटली होती आणि अठ्ठावीस वर्षांत एकदाही मोजली गेली नव्हती. पाच कामगार वाफेने होरपळून मेले, सहा जखमी झाले. ते कंत्राटदाराचे कामगार होते आणि येऊ घातलेल्या तपासणीचीच तयारी करीत होते! यंत्रे होती, नियम होते, शिकलेली माणसे होती. यादीत काय आहे आणि काय नाही, हे नळाजवळच्या माणसाने विचारावे, अशी रीत मात्र नव्हती.

येथे कोणी म्हणेल, हे काम इंजिनियरांचे. कामगाराने पाना धरावा. इंजिनियरांचा आम्हांला आदर आहे. पवईच्या आय. आय. टी.ने पाइपिंगचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालविला, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांनी जोडाचे चित्र घेणारे तंत्रज्ञ घडविले. ही महाराष्ट्राची मिळकत आहे. पण पवई गोंदियापासून सुमारे हजार किलोमीटरवर आहे. आपल्या आय. टी. आय.मधून फिटर, वेल्डर बाहेर पडतात. नळ शिवतात, त्यावरचे लॅगिंग काढतात, गळतीचा पहिला सुस्कारा ऐकतात ते हेच. कान त्यांचे आणि वही दुसऱ्याची, ही विभागणी धोक्याची आहे.

म्हणून कामगार संघटनांनी पगाराच्या मागणीबरोबर आणखी तीन मागण्या मांडाव्यात असे आम्हांस वाटते. नळांच्या जाडीची वही कामगाराला वाचता येईल अशा मराठीत त्याच्यासमोर असावी. जाडी मोजण्याचे आणि नळाचा नकाशा वाचण्याचे शिक्षण आपल्याच जिल्ह्यात, कामाच्या वेळात मिळावे आणि कंत्राटी कामगाराला त्यातून वगळू नये. तिसरी मागणी अशी की, ‘ही जागा मोजली काय?’ असे विचारणाऱ्याची नोकरी त्या प्रश्नामुळे जाऊ नये. यांपैकी कशालाही फार पैसा लागत नाही. १८६३ पासून आपण दरवेळी स्फोटानंतर शिकलो. त्याआधी शिकण्यास आपल्याला कायद्याने कधीच मनाई केलेली नाही.