तीन महिन्यांचा तराजू

सोराफेनिब हे यकृताच्या बळावलेल्या कर्करोगावरचे औषध. त्याने रोग बरा होत नाही. आयुष्य सुमारे तीन महिन्यांनी वाढते, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. शिवाय तळहात-तळपाय सोलवटतात, जुलाब होतात, थकवा येतो. हे तीन महिने दोन देशांनी दोन निराळ्या तराजूंत तोलले.

इंग्लंडमधील 'नाइस' ही संस्था (स्थापना १९९९) आयुष्याची लांबी आणि प्रत यांचा गुणाकार करते. पूर्ण स्वास्थ्याचे एक वर्ष म्हणजे एक. अर्ध्या स्वास्थ्याची दोन वर्षे म्हणजेही एकच. असे एक वर्ष वीस ते तीस हजार पौंडांत पदरात पडत असेल तरच सरकारी आरोग्यसेवेने औषधाचा खर्च उचलावा, असा तेव्हाचा सर्वसाधारण दंडक होता. त्यात न बसल्याने २०१० मध्ये सोराफेनिब नाकारले गेले. होकार मिळायला २०१७ उजाडले. हा हिशेब क्रूर वाटतो खरा, पण सोललेल्या तळहाताला त्यात निदान अपूर्णांकाएवढी तरी जागा आहे.

मुंबईत प्रश्नच वेगळा होता. बायर कंपनीचे हे औषध महिन्याला २,८०,४२८ रुपयांना पडे. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला भारतातला पहिला सक्तीचा परवाना दिला आणि किंमत ८,८८० रुपयांवर आली. वादाचा एक मोठा भाग कायद्यातील 'रास्त, परवडणारी किंमत' या शब्दांभोवती फिरला. रास्त कोणाच्या दृष्टीने? प्रामुख्याने जनतेच्या, असे नियंत्रकांचे उत्तर होते. रास्त भावाच्या दुकानापुढे रांगा लावलेल्या आपल्या समाजाला ते परके वाटू नये. पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये हा परवाना कायम ठेवला.

या निवाड्यात रुग्ण येतो तो प्रामुख्याने ग्राहक म्हणून. वाढीव महिने कसे जातील, हा त्यातला वादाचा मुद्दाच नव्हता. तो दोष मानावा असे मला वाटत नाही. 'पैसे कोठून आणायचे?' या प्रश्नाने घर व्यापलेले असताना 'हे औषध घ्यावे का?' असे विचारण्याची उसंत कोणाला? किंमत उतरल्यावर तो दुसरा प्रश्न काही घरांत तरी शिरू शकला.

मात्र ज्याने अखेरचे दिवस सुसह्य होतात, ते मॉर्फिन मुळातच स्वस्त. त्याला आडवी आली ती किंमत नव्हे, तर १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे लागणाऱ्या परवान्यांची रांग. त्या कायद्यात दुरुस्ती होऊन ती वाट थोडी मोकळी झाली, तीही २०१४ मध्येच.