बाष्पित्रे, वितळजोडाची (जतन केलेल्या रेल्वे एंजिनांवरील)

वाफेच्या रेल्वे एंजिनाच्या बाष्पित्राचे पत्रे रिव्हेटांऐवजी वितळजोडकामाने, म्हणजेच वेल्डिंगने, एकसंध केलेले असल्यास त्यास वितळजोडाचे बाष्पित्र म्हणतात. वाफेची एंजिने नित्याच्या वाहतुकीतून गेल्यावर त्यांपैकी काही ऐतिहासिक ठेवा म्हणून चालू स्थितीत राखण्यात आली. अशा एंजिनांचे जुने बाष्पित्र झिजले म्हणजे नवे मूळच्या पद्धतीने घडवावे की आधुनिक पद्धतीने, हा प्रश्न उभा राहतो. त्यात इतिहासाची निष्ठा आणि माणसांची सुरक्षितता या दोहोंचा विचार करावा लागतो.

रिव्हेटांची पद्धत : एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाष्पित्राचे पत्रे एकमेकांवर चढवून किंवा सांध्यावर पट्टी ठेवून, भोके पाडून व तापवून लाल केलेले रिव्हेट ठोकून जोडीत. नंतर पत्र्यांचे काठ ठोकून सांधा वाफबंद करीत. या कामातील सततच्या ठोक्यांमुळे अनेक कारागिरांना बहिरेपणा येई. भोकांमुळे पत्रा दुबळा होत असल्याने सांध्याचे बल अखंड पत्र्यापेक्षा नेहमीच कमी भरे. साध्या चढत्या सांध्यात पिंप पूर्णपणे वर्तुळाकार राहत नसे. दाब वाढताना व उतरताना पत्रा सांध्यापाशी थोडा वाके आणि तेथे खाच पडून तडा जाई. शिवाय सांध्याच्या फटीत शिरलेल्या पाण्यातील क्षार साठून पोलाद ठिसूळ होई. हा दोष पत्र्यांच्या मध्ये दडलेला असल्याने बाहेरून दिसत नसे.

बाष्पित्रातील पाणी उच्च दाबाखाली उकळबिंदूच्या बरेच वर तापलेले असते. दर चौ. सेंमी. ला सु. १७·५ किग्रॅ. दाबास त्याचे तापमान सु. २०८° से. असते. पत्रा फाटून दाब एकाएकी उतरला, तर त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होऊन तिचे आकारमान प्रचंड वाढते. बाष्पित्राच्या स्फोटाची भीषणता यामुळेच असते.

वितळजोडाचा स्वीकार : आरंभी अभियंत्यांचा वितळजोडावर विश्वास नव्हता, कारण जोडाच्या पोटातील पोकळी किंवा मळी डोळ्यांना दिसत नाही. क्ष-किरण तपासणी व जोडानंतर पत्रे भट्टीत तापवून अंतर्गत ताण घालविण्याची क्रिया रूढ झाल्यावर ही अडचण दूर झाली. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल एंजिनियर्स या संस्थेच्या संहितेने १९३१ मध्ये अशा जोडास मान्यता दिली आणि १९३७ मध्ये डेलावेअर अँड हडसन रेल्वेच्या एका एंजिनावर पूर्णपणे वितळजोडाचे बाष्पित्र बसविण्यात आले. इंग्लंडमध्ये सदर्न रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंते ऑलिव्हर बुलीड यांनी १९४१ पासून बांधलेल्या ‘मर्चंट नेव्ही’ वर्गात वितळजोडाची पोलादी अग्निपेटी वापरली. तोवर तेथे तांब्याच्या अग्निपेटीची परंपरा होती.

जर्मनीतील अनुभव अधिक बोलका आहे. १९३० नंतरच्या दशकात तेथील अनेक एंजिनांची बाष्पित्रे मॉलिब्डेनमयुक्त अशा अधिक बळकट समजल्या गेलेल्या पोलादाची केली होती. पुढे हे पोलाद कालांतराने थकते व वितळजोडाने दुरुस्त करण्यास अयोग्य ठरते, असे आढळून आले. १९५८ मध्ये पूर्व जर्मनीत ०३·१० वर्गातील एका एंजिनाच्या बाष्पित्राचा स्फोट झाला. त्यानंतर अशी बाष्पित्रे बदलून वितळजोडाची नवी बसविण्याच्या कामास वेग आला. पश्चिम जर्मनीत १९५० ते १९५९ या काळात बांधलेल्या २३ वर्गाच्या १०५ एंजिनांना मुळातच वितळजोडाची बाष्पित्रे होती. पूर्व जर्मनीत १९६१ मध्ये माइनिंगेन येथील कारखान्यात सिद्ध झालेले व १९७२ मध्ये चाचणीत ताशी १८२·४ किमी. वेग गाठणारे १८ २०१ हे एंजिनही याच प्रकारचे आहे. यांपैकी काही एंजिने आज जतन केलेली असून त्यांच्यावरील वितळजोड हा त्यांच्या इतिहासाचाच भाग आहे.

जतनकार्यातील प्रश्न : ब्रिटनमध्ये परिस्थिती वेगळी होती. तेथे बहुतेक मूळ बाष्पित्रे रिव्हेटांची होती व ती घडविणारे मोठे कारखाने बंद पडले होते. १९४८-४९ मध्ये बांधलेल्या ए-१ वर्गाच्या ४९ एंजिनांपैकी एकही मोडीतून वाचले नाही. म्हणून त्याच आराखड्याचे ‘टॉर्नेडो’ हे नवे एंजिन बांधण्याचे काम १९९४ मध्ये सुरू झाले. त्याचे बाष्पित्र माइनिंगेन येथे करवून घेण्यात आले. मूळ रिव्हेटांचे पिंप व तांब्याची अग्निपेटी यांच्या जागी वितळजोडाचे पिंप व पोलादी अग्निपेटी आली. २००६ मध्ये बाष्पित्र डार्लिंग्टन येथे पोहोचले, २००८ मध्ये एंजिन स्वतःच्या वाफेवर चालले आणि एप्रिल २०१७ मध्ये त्याने चाचणीत ताशी १०० मैलांचा (सु. १६१ किमी.) वेग गाठला. मात्र तत्पूर्वी, २०१०-११ च्या हिवाळ्यात, अग्निपेटीच्या भागातील दोषांमुळे बाष्पित्र दुरुस्तीसाठी पुन्हा माइनिंगेन येथे पाठवावे लागले होते. तांबे तापमानातील बदल सहजपणे सोसते. पोलादी अग्निपेटीस मात्र सावकाश तापविणे व पाणी काटेकोरपणे शुद्ध राखणे आवश्यक असते.

अशा बदलाने एंजिनाचे अस्सलपण लोपते, असा आक्षेप घेतला जातो. परंतु रेल्वेच्या भरभराटीच्या काळातही बाष्पित्र हा एंजिनाचा कायमचा अवयव नव्हता. कारखान्यात एंजिन दुरुस्तीस आले म्हणजे त्याचे बाष्पित्र काढून तयार असलेले दुसरे चढवीत; ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या प्रसिद्ध एंजिनावरही निरनिराळ्या काळी निरनिराळी बाष्पित्रे होती. तथापि आक्षेपाचा एक भाग खरा आहे. रिव्हेटांचा सांधा नाहीसा झाला की तो घडविण्याची विद्याही लोप पावते आणि ती केवळ आराखड्यांवरून परत मिळविता येत नाही. म्हणून ज्या एंजिनाचे मूळ बाष्पित्र टिकून आहे, तेथे ते जुन्या पद्धतीनेच दुरुस्त करणे व जेथे काहीच उरले नाही, तेथे नवी पद्धत स्वीकारणे, हा भेद विवेकाचा ठरतो.

सुरक्षितता केवळ सांध्याच्या प्रकारावर अवलंबून नसते. १९९५ मध्ये अमेरिकेत गेटिसबर्ग येथे जतन केलेल्या एका एंजिनातील पाण्याची पातळी खाली गेल्याने अग्निपेटीचे छत तापून निकामी झाले व तिघे कर्मचारी भाजले. पाणी दर्शविणारी नळी व तिच्या जोडण्या नीट राखल्या नव्हत्या. त्यानंतर तेथील नियम सुधारण्यात आले. २००० पासून अंमलात आलेल्या या नियमांनुसार सेवेचे १,४७२ दिवस किंवा १५ वर्षे यांपैकी जे आधी पूर्ण होईल, त्या वेळी संपूर्ण बाष्पित्राची कसून तपासणी करावी लागते. रिव्हेटांच्या गळक्या सांध्यातून निघणारी वाफ कधीकधी धोक्याची आगाऊ सूचना देई. वितळजोड शेवटपर्यंत मूक राहू शकतो. त्यामुळे नव्या बाष्पित्रांच्या बाबतीत तपासणीच्या नोंदी, पाण्याची निगा व चालकांचे शिक्षण यांचे महत्त्व जुन्या बाष्पित्रांपेक्षा कमी नव्हे, तर अधिकच आहे.