ॲलिस इन वंडरलँड (नाट्यरूप)

ल्यूइस कॅरल (मूळ नाव चार्ल्स लटविज डॉजसन, १८३२–९८) ह्या इंग्रज लेखकाच्या ॲलिस्‌ज ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड (१८६५) व थ्रू द लुकिंग-ग्लास (१८७१) ह्या अद्‌भुतरम्य कथांवर आधारलेले दोन अंकी संगीत नाटक. लेखन हेन्री सॅव्हिल क्लार्क ह्याचे व संगीत वॉल्टर स्लॉटर ह्याचे. पहिला प्रयोग लंडनच्या प्रिन्स ऑफ वेल्स नाट्यगृहात २३ डिसेंबर १८८६ रोजी झाला. नाटक मुलांसाठी व इतरांसाठीही असल्याचे उपशीर्षकातच नमूद केले होते.

त्या काळी नाताळात सहकुटुंब पाहावयाचा रूढ नाट्यप्रकार म्हणजे पँटोमाइम. तो मूकनाट्य नसून परीकथा, गाणी, नृत्ये व नेत्रदीपक देखावे ह्यांचे मिश्रण होता; त्यात सवंग विनोदही शिरला होता. त्यामुळे क्लार्कने परवानगी मागताच, संहितेत वा अभिनयात ग्राम्यतेचा लवलेशही नसेल, अशी लेखी हमी कॅरलने मागितली. एका नाटकात एकच कथा असावी, असाही त्याचा आग्रह होता. अखेर प्रत्येक अंकास एक कथा, अशी तडजोड झाली.

मूळ कथांत घटनांचा क्रम स्वप्नासारखा असून विनोद मुख्यतः शब्दांवर आधारलेला आहे. त्यांना नाट्याची बांधणी देणे अवघड होते. क्लार्कने मूळ संवाद व कविता शक्य तितक्या राखल्या. वेशभूषा जॉन टेनिएलच्या प्रसिद्ध चित्रांवरून केल्यामुळे प्रेक्षकांना परिचित पात्रे रंगमंचावर भेटली. काही बदल मात्र अटळ ठरले. वॉलरस व सुतार ह्यांच्या कवितेत सर्व कालवे खाल्ली जातात व कविता संपते. हा शेवट रंगमंचावर तुटक वाटेल म्हणून कॅरलने कालवांच्या भुतांचा नवा प्रसंग लिहिला. ही भुते झोपलेल्या अपराध्यांना शिक्षा करतात. पुस्तकातील निर्विकार क्रौर्याला नाटकात असा न्यायाचा शेवट लाभला.

प्रयोगाचा मोठा भार बालनटांवर होता. ॲलिसची भूमिका फीबी कार्लो हिने केली. डॉर्मउस झालेली डॉरथी डालकोर्ट अवघी साडेसहा वर्षांची होती. एप्रिल १८८७ मधील लेखात कॅरलने ह्या नाटकाविषयी लिहिताना बालनटांची प्रशंसा केली. त्याच सुमारास मुलांना रंगभूमीवर राबविण्यास विरोध वाढत होता. ही मुले निरोगी व आनंदी असतात, असा प्रतिवाद कॅरलने वृत्तपत्रांतून केला. १८८९ च्या बालसंरक्षण कायद्याने सात वर्षांखालील मुलांना रंगभूमीवर मनाई झाली आणि सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी परवाना आवश्यक ठरला. पहिल्या प्रयोगातील डॉर्मउसला त्यानंतर रंगमंचावर येता आले नसते.

डिसेंबर १८८८ मध्ये ग्लोब नाट्यगृहात झालेल्या पुनःप्रयोगात ॲलिसची भूमिका आयझा बोमन हिने केली. लोककथेऐवजी विशिष्ट लेखकाची कलाकृती, तिच्या शब्दांचा मान राखून, सर्व वयाच्या प्रेक्षकांपुढे मांडता येते, हे ह्या नाटकाने दाखवून दिले. मुलांच्या करमणुकीसाठी मुलांनीच किती श्रम करावेत, हा प्रश्नही त्याच्याशी निगडित राहिला.