कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य : जाण्याआधी हे माहीत असू द्या

अकोले : आपल्या जिल्ह्याची ओळख दुष्काळी अशी. पण त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर अकोले तालुक्यात ३६१ चौरस किलोमीटरचे जंगल आहे. १९८६ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. शेकरू, बिबट्या, भेकर यांचे हे घर. आणि महादेव कोळी, ठाकर समाजाच्या गावांचेही.

पाणी इथूनच येते

प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात. घाटघर, रतनवाडीला कित्येक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, तर पूर्वेकडच्या तालुक्यांत पाचशे-सहाशेवर भागवावे लागते. प्रवरेवरचे भंडारदरा धरण (विल्सन डॅम) १९२६ साली पूर्ण झाले. साठवण ११ टीएमसी. खाली राहाता, श्रीरामपूर, राहुरीत आवर्तन सुटते ते याच डोंगराच्या पाण्यावर. मुळेचे पाणी राहुरीजवळच्या मुळा धरणात जाते. म्हणून हे रान टिकणे हा फक्त अकोलेकरांचा प्रश्न नाही.

कसे जायचे

संगमनेरहून अकोले, राजूर, शेंडी असा रस्ता आहे. नाशिक-मुंबईकडून येणाऱ्यांना घोटीवरून बारी मार्गे शेंडी गाठता येते. शेंडीहून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत असा फिरून परत शेंडीला येतो. पावसाळ्यात धुके आणि दरडीचा धोका असतो. तेल अकोले किंवा राजूरलाच भरून घ्या. पुढे बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते.

काय पाहायचे

• कळसूबाई : १६४६ मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर. चढाई बारी गावातून, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत.
• रतनवाडी : कोरीव कामाचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर. रतनगडाची वाट इथूनच.
• साम्रद : सांदण दरी, म्हणजे कातळाला पडलेली खोल, अरुंद भेग. पाऊस असेल तर आत अजिबात उतरू नये. वर पडलेले पाणी याच भेगेतून धावते.
• घाटघर : कोकणकड्याचे दर्शन आणि उदंचन जलविद्युत प्रकल्प.
• हरिश्चंद्रगड : पाचनई गावातून सोपी वाट. केदारेश्वराची लेणी पाण्यात उभी आहे. गडावरच्या कोकणकड्याच्या काठावर जाताना निसरडे सांभाळा.

काजव्यांचे दिवस

मे अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत हिरडा, बेहडा, सादड्याची झाडे काजव्यांनी लखलखतात. शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. इथेच खरी अडचण आहे. काजवे एकमेकांना प्रकाशाने खुणा करतात, त्यावरच नर-मादीची गाठ पडते. गाडीचे लाइट, टॉर्च, मोबाईलचा फ्लॅश यांनी ती खूण बुजते. झाडाखालचे गवत तुडवले तर तिथे बसलेले काजवे आणि अंडीही चिरडतात. गाठच पडली नाही तर पुढच्या वर्षी काजवे येणार कुठून? आणि काजवे गेले, तर त्या पंधरा-वीस दिवसांत जेवण, तंबू, वाटाड्याचे काम यातून चार पैसे मिळवणारी गावेही रिकाम्या हाताने बसतील.

एवढे पाळा

• नाक्यावर वन विभागाची पावती घ्या, वेळ पाळा.
• काजवे पाहताना गाडी लांब लावून लाइट बंद करा, रस्त्यावरूनच पाहा.
• डीजे, दारू, चूल-शेकोटी नको. उन्हाळ्यात एका ठिणगीने डोंगर पेटतो.
• भातखाचरात गाडी घालू नका, बांध तुडवू नका. हिरडा वेचणे ही तिथल्या लोकांची कमाई आहे, तो उचलू नका.
• वाटाड्या आणि जेवण गावातलेच घ्या.
• प्लॅस्टिक परत आणा. ओढ्यात टाकलेली बाटली धरणात जाते, आणि ते पाणी आपणच पितो.